अनाथोथचे शेत

दुःखात बुडालेल्या माणसाला आमच्या ख्रिस्ती मंडळीत सर्वांत आधी ऐकवले जाते ते असे की, यामागे देवाची काहीतरी योजना आहे. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पुष्कळदा तोच माणूस आदल्या रात्री आपल्यासाठी दवाखान्याच्या बाकावर बसून जागलेला असतो. तरीही त्या वाक्याने ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. योजना ज्याची त्याला ठाऊक. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्याला उद्या सकाळी दूधवाल्याला अर्धा लिटर सांगायचे की एक, हेही ठरवता येत नसते. मला आशेविषयी लिहायचे आहे, परंतु देवाच्या मनातले सगळे कळल्यासारखी बोलणारी आशा मला कधी मानवली नाही. मला जी भेटली ती बरीच कमी बोलणारी होती, आणि तिने आल्या आल्या माझ्या हातात काम ठेवले.

माझी पत्नी २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्या दिवसांत नाशिकमध्ये खाट, प्राणवायू आणि इंजेक्शन यांसाठी लोक कसे वणवण फिरत होते हे इथल्या वाचकाला सांगायला नको. दफनाला मोजकी माणसे होती आणि तीही पांढऱ्या पोशाखात आपादमस्तक झाकलेली, त्यामुळे त्यांतला आपला कोण आणि महापालिकेचा कोण हे मला ओळखता आले नाही. आमच्याकडे माणसाला गाण्याशिवाय पोचवत नाहीत. बाजाची पेटी नसली तरी चालते, पण कबरीत माती पडत असताना कुणीतरी पहिली ओळ उचलतो आणि बाकीचे सूर धरतात. त्या दिवशी पाळकसाहेबांनी मुखपट्टीआडून वाचन केले, प्रार्थना केली आणि सगळे पांगले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने जिला तोंडपाठ होती, तिच्यासाठी कुणी एक ओळ म्हटली नाही, याचे मला पुढे कितीतरी दिवस तिच्या जाण्यापेक्षाही अधिक वाईट वाटत राहिले. दुःखाला मोठी गोष्ट पेलत नाही तेव्हा ते अशी एखादी लहान गोष्ट धरून बसते.

आमचे गॅसचे कनेक्शन तिच्या नावावर होते. सिलिंडर नोंदवला की मोबाइलवर संदेश येई आणि त्यात तिचे नाव, नोंदणीचा क्रमांक, रक्कम असे सगळे असे. नाव बदलून घ्यायला मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज पुरेसा होता. बँकेत उभा जन्म काढून, वारसांची शेकडो प्रकरणे हातावेगळी करून निवृत्त झालेल्या मला तो एक अर्ज भरवेना. दिवसाचे बाकीचे व्यवहार मी करत होतो, भाजी आणत होतो, मुलीच्या फोनला नीट उत्तरे देत होतो. पण सकाळी डोळे उघडले की हा दिवस कशासाठी उजाडला, याचे उत्तर सापडत नसे. शोक आणि निराशा यांत फरक आहे, हे मला तेव्हा समजले. शोकाला एक चेहरा असतो आणि माणूस त्या चेहऱ्याकडे पाहून रडतो. निराशेत चेहरा पुसला जातो, रडणेही थांबते, आणि उरते ती नुसती कोरड.

विश्वास असता तर असे झाले नसते, असे मंडळीतल्या एक-दोघांनी सुचवून पाहिले. या बोलण्याला मी आजही क्रूरपणाच म्हणतो, आणि ते पवित्र शास्त्राला धरून तर मुळीच नाही. ज्या ग्रंथातून हे लोक धीराची वचने काढतात त्याच ग्रंथात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीची एखादी ओळ येते आणि वाचणाऱ्याला हायसे वाटते. हे स्तोत्र वळत नाही. ते तक्रारीने सुरू होते, तक्रार वाढवत नेते आणि अंधारातच संपते. ज्यांनी स्तोत्रसंहिता एकत्र केली त्यांना ते गाळता आले असते, किंवा शेवटी बरी दिसेल अशी एखादी ओळ जोडता आली असती. त्यांनी ते जसेच्या तसे ठेवले आणि मंदिरात गायला दिले. त्या वर्षात मला दुसरे काही वाचवत नसे, पण हे वाचता येत होते, कारण त्यात मला कुणी सुधारायला येत नव्हते.

एलीया संदेष्ट्याची हकीकतही अशीच आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा माणूस दुसऱ्याच दिवशी राणी ईजबेलीच्या धमकीने पळतो, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला देवाकडून उपदेश येत नाही. त्याला झोप येते. मग एक देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई समोर ठेवतो; तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. ‘तू येथे काय करतोस’ हा प्रश्न त्याला विचारला जातो तो यानंतर, आणि त्याच्या रडगाण्याला उत्तर म्हणून काय मिळते तर तीन नेमणुका: अमक्याला अभिषेक कर, तमक्याला कर आणि अलीशाला तुझ्या जागी घे. आमच्या मंडळीतल्या एक मावशी त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी डबा आणून देत. बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि मिरचीचा ठेचा. त्या दारातच उभ्या राहत, रिकामा डबा घेत आणि ‘मीठ कमी नाही ना पडलं?’ एवढेच विचारून जात. त्यांनी मला एकही वचन ऐकवले नाही, आणि या ग्रंथाचा अर्थ त्यांना इतरांपेक्षा जास्त समजला होता, असे माझे मत आहे.

मुलीच्या आग्रहावरून मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेलो. गोळ्या घेतल्या, झोप परत आली, हातापायांतले शिसे उतरले. याचे श्रेय प्रार्थनेला देऊन डॉक्टरांना वगळणारी साक्ष मी कधी देणार नाही. पण झोप लागली म्हणजे उठायचे कशासाठी, हा प्रश्न सुटत नाही, आणि तो गोळीने सुटावा अशी अपेक्षा डॉक्टरांचीही नव्हती.

तो सोडवला आमच्या तरुण पाळकसाहेबांनी, आणि तेही बहुधा नकळत. एका रविवारी उपासनेनंतर ते म्हणाले, ‘काका, तुमचं अक्षर बँकेतलं आहे. आपली जुनी दप्तरं कसर खातेय. नक्कल करून द्याल का?’ मी हो म्हणालो ते नाही म्हणण्यासाठी लागणारी ताकद नव्हती म्हणून. गुरुवारी दुपारी त्यांनी कपाट उघडून दिले.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशी तीन प्रकारची दप्तरे होती. लांबट, कापडी पाठीची, आतली शाई तपकिरी पडलेली. पान उलटले की कडांचा भुगा मांडीवर पडे, म्हणून मी जुना दाढीचा ब्रश नेऊ लागलो आणि प्रत्येक पान आधी हलक्या हाताने झाडून घेऊ लागलो. रकाने ठरलेले: तारीख, नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा, विधी करणाऱ्याची सही. मला या रकान्यांची सवय होती. खतावणीत आयुष्य गेलेल्या माणसाला ओळीत ओळ बसली की बरे वाटते, आणि पहिले काही आठवडे मला त्याहून अधिक काही वाटले नाही, हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा लेखांत पहिल्याच पानावर उजेड पडतो आणि माझ्या बाबतीत तसा पडला नाही.

मग १९१८ चे पान आले. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची जी साथ मुंबई इलाख्यात पसरली तिने धडधाकट तरुणांनाच अधिक ओढून नेले, हे मी वाचून होतो. दफनाच्या दप्तरात ते वाचलेले डोळ्यांसमोर उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये एकेका तारखेखाली ओळींवर ओळी, वयाच्या रकान्यात बावीस, तीस, सव्वीस. एका घरची बाई आणि तिच्यापाठोपाठ तिचे तान्हे मूल. पण मी थबकलो ते अक्षरामुळे. लिहिणारा एकच होता आणि त्याचे अक्षर त्या महिन्यात जराही बिघडलेले नव्हते. तेच उभे, नीट टोकदार वळण, रेघा पट्टीने मारलेल्या, एकही रकाना रिकामा नाही. त्या माणसाच्या घरी काय चालले होते कोण जाणे. मी त्याच महिन्याचे बाप्तिस्म्याचे दप्तर काढून पाहिले, तर त्यातही त्याच हातची एक नोंद होती: अडीच महिन्यांची मुलगी, आईबाप दोघेही हयात. बाजूच्या पुस्तकात माणसे मातीत जात असताना या गृहस्थाने उठून दुसरे पुस्तक उघडले होते, आणि तितक्याच काळजीने एका मुलीचे नाव लिहिले होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय वाचला. तो मला बँकेच्या दिवसांपासून आवडत आलेला आहे, आणि आवडण्याचे कारण तेव्हा निव्वळ व्यावसायिक होते: सबंध पवित्र शास्त्रात जमिनीच्या खरेदीखताचे इतके रीतसर वर्णन मला दुसरीकडे आढळले नाही. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितले आहे आणि त्यामुळेच सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ गावचे शेत विकत घे म्हणतो. ती जमीन शत्रूच्या टाचेखाली जाणार हे उघड आहे. कोणताही शाखाधिकारी या प्रकरणावर लाल शेरा मारील. यिर्मया मात्र १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खत लिहितो, मोहोर लावतो, साक्षीदार घेतो, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी पुन्हा होईल, हे देवाचे वचन त्यामागे आहे. गंमत अशी की, सगळे कागद पूर्ण झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेचा सूर थोडक्यात असा आहे की, शहर तर शत्रूच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला लावतोस. म्हणजे खत आधी झाले आणि शंका नंतरही शिल्लक होती.

द्राक्षमळे हा शब्द नाशिकच्या माणसाला परका नाही. दिंडोरी-निफाडकडची पीककर्जे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. मालाला गोडी भरत आलेली असताना गारपीट होते, घड फुटतात, पाणी सुटते, आणि एका दुपारीत वर्षाचा खर्च वाया जातो. तोच शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. तेव्हा वेलीवर विकण्यासारखे काही नसते. पण पुढच्या हंगामात माल लागायचा तो या छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांवरच, म्हणून ती चुकवून चालत नाही. माझ्या टेबलासमोर बसून, डोळे तांबारलेले असताना, छाटणीच्या मजुरीसाठी कर्ज मागणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना आशा वाटत होती की नाही, हे मी कधी विचारले नाही. वेलीला ते विचारायचे नसते.

ख्रिस्ती आशेविषयी मला म्हणायचे आहे ते इथे येऊन ठेपते. आम्ही तिला मनाची अवस्था समजतो आणि ती मनात सापडली नाही की आपला विश्वास आटला म्हणून घाबरतो. पवित्र शास्त्रात ती बहुतेक वेळा नेमून दिलेल्या कामाच्या रूपाने येते. काम ज्याच्याकडून येते त्याच्यावर भरवसा ठेवायचा असतो, आणि आपल्या मनाच्या हवामानाला तिथे फारसे मत नसते.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना याचा एक दाखला आपल्याच गावात मिळेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश जहाजांनी सोडवलेली मुले तिथे आणली जाऊ लागली. त्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवले जाई आणि हातकामही दिले जाई. या उपक्रमात साम्राज्याचा हेतू मिसळलेला होता, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या गळ्यातला दोर सुटला त्या मुलाला तो दोर कोणत्या हेतूने कापला गेला, याची चर्चा बहुधा नंतर सुचली असेल.

१८६५ मध्ये आफ्रिकेचा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी यांतले नऊजण घेऊन गेला. पुढे १८७२ मध्ये त्याच्याकडे जी कुमक पोचली तीतही नाशिकला शिकलेले तरुण होते, आणि त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंगस्टन मरण पावला. सोबत्यांपुढे परका मुलुख, अपुरे सामान आणि प्रेत जवळ बाळगल्याचा आळ येण्याची भीती होती. अशा सकाळी त्यांनी काय केले, तर मृताच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि लिहिता येणाऱ्या जेकबला एकूणएक वस्तूची यादी करायला बसवले. हृदय तिथेच झाडाखाली पुरले, तेव्हा दफनाची उपासना जेकबनेच वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली. मग वाळवलेला देह खांद्यावर घेऊन ती माणसे दीड हजार किलोमीटरहून अधिक चालत समुद्रावर पोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. त्याला पुढे सुखाचे दिवस आले असे नाही; १८९२ मध्ये आफ्रिकेत तो वारला तेव्हा त्याच्याभोवती गौरव नव्हता. पण लहानपणी ज्याला मालाच्या यादीत धरले गेले होते, त्याने मोठेपणी सगळे संपले असे वाटण्याच्या घडीला स्वतः लेखणी घेऊन यादी केली, आणि ती लेखणी त्याच्या हाती गोदेकाठी आली होती, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचे तर माहेरच नाशिकजवळचे जलालपूर. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर जे कोसळले, आणि पुढची जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर कशी काढली, हे मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’तून त्यांच्याच शब्दांत ठाऊक आहे. मला त्यांच्याविषयी एवढेच नोंदवावेसे वाटते की, १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ या बाईंनी हाती घेतले. जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने नवऱ्याच्या महाकाव्याचे राहिलेले अध्याय लिहायला बसायचे, हे धाडस शोकातून आपोआप येत नाही.

तरीही सगळा भर कामावर देऊन थांबलो तर ते अर्धेच होईल, कारण कामात मन रमवा हा सल्ला कोणीही देतो आणि त्यासाठी ख्रिस्त लागत नाही. मला दप्तराच्या ओळी भरताना जे धरून ठेवते ते पुनरुत्थान आहे, आणि तेही शुभवर्तमानात सांगितले आहे तसे, जखमांसकट. उठलेला प्रभू शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हात पुढे करून खिळ्यांचे वण दाखवतो. मरणावर जय मिळवणाऱ्याला वण पुसून येता आले नसते काय? अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य त्याच्याशीच बोलताना, ‘आम्हाला आशा होती’ असे भूतकाळात म्हणतात, आणि तो त्यांना थांबवत नाही. सोबत चालतो, त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेतो, त्यांच्या मंद बुद्धीबद्दल चार शब्द सुनावतो आणि शेवटी त्यांच्या टेबलाशी बसून भाकर मोडतो. माझी पत्नी परत मिळेल ती कोणत्या रूपात, हे मी जाणत नाही. पण जे हरवले ते हरवलेच नव्हते असे ढोंग करायला हा देव लावत नाही, एवढे मला त्या वणांवरून समजते, आणि दफनाच्या दप्तरातली प्रत्येक ओळ शेवटची नाही असे मानून मी ती लिहितो. तिची स्वतःची नोंद नव्या पुस्तकात आहे. ती पाळकसाहेबांनी केली आणि तिची नक्कल करण्याची अजून वेळ आलेली नाही. गॅसचे कनेक्शन माझ्या नावावर झाले.

गेल्या वर्षी मंडळीतल्या एका गृहस्थांचा तरुण मुलगा महामार्गावरच्या अपघातात गेला. मी त्यांच्याकडे डबा घेऊन जात असे. एकदा त्यांनी विचारले, ‘देवानं असं का केलं?’ मला माहीत नाही, असे मी सांगितले, आणि ते माझ्याकडे थोडे रागाने पाहत राहिले. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, मोडी उत्तम वाचणारे. आमच्या जुन्या दप्तरांच्या समासांत मोडीतल्या टिपा आहेत आणि मला मोडी येत नसल्यामुळे नकलेत तिथे जागा कोऱ्या राहिल्या होत्या. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. पुढचे कित्येक गुरुवार ते आले नाहीत. मग एका दुपारी आले, चष्मा पुसला, पान खिडकीकडे तिरपे धरले आणि एका बाईचे नाव, तिच्या गावचे नाव आणि साक्षीदाराचे नाव असे एकामागून एक सांगत गेले. मी नुसते गाव लिहून पुढे जात होतो, तर म्हणाले, ‘तालुका पण लिहा. कुणी शोधत आलं तर सापडलं पाहिजे.’ खालची ओळ फार पुसट होती. तिला भिंग लागेल, आणि मोजणीच्या कामाचे जुने भिंग घरी आहे, ते पुढच्या गुरुवारी घेऊन येतो, असे ते म्हणाले.